पाणी घातलं

"खरं सांगा मेस्त्री, हे त्या पाइपामुळंच झालं ना?"

दाताच्या डॉक्टरीणबाईंनी असं विचारलं तेव्हा त्यांची गाडी टोचन करून आणलेली, गॅरेजच्या दारात अर्धी आत नि अर्धी रस्त्यावर उभी होती. बाई दमल्या होत्या. घाट चढताना गाडी तापली, बंद पडली आणि त्यांच्या म्हाताऱ्या आईला भर उन्हात रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहावं लागलं, एवढी हकिगत त्यांनी आल्या आल्या सांगून टाकली होती. गाडीच्या मागं मेस्त्रीचा धाकटा भाऊ गुडघ्यांवर बसला होता आणि आपणच बसवलेल्या जाडजूड पाइपावरून हात फिरवत होता, ताप आलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा. त्यानं वर पाहिलं नाही. उत्तराची वाट मात्र तोही बघत होता.

मेस्त्रीनं बॉनेटखाली डोकं घातलं. उकळून बंद पडलेल्या गाडीला एक गोडसर, चिकट वास असतो. ज्यानं आयुष्यभर इंजिनं उघडली त्याला तो झोपेतही ओळखू येतो. इथं तो वास नव्हता. रेडिएटरच्या झाकणाभोवती कूलंटचे गुलाबी डाग सुकलेले असायला हवे होते, तेही नव्हते. होते ते नुसते पांढरट ओघळ, मोरीतल्या नळाखाली पडतात तसे. मेस्त्रीनं एक ओघळ नखानं खरवडून पाहिला.

"मेस्त्री?" बाई म्हणाल्या.

"गाडीची ताकद वाढवली की गरमी वाढतेच, बाई," तो म्हणाला.

आता या वाक्यात खोटं काय आहे? काहीच नाही. कुठल्याही गॅरेजात जाऊन विचारा, हेच सांगतील. त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं आणि म्हणूनच ते इतकं सफाईनं तोंडातून बाहेर पडलं. धाकटा उठला. त्यानं हात पँटला पुसले.

"बाई, इंजिन आम्ही नीट करून देतो. खर्च माझ्याकडं लागला. जुना सायलेन्सर ठेवलाय मी, तो परत बसवतो."

"मला तो पाइप आता नजरेसमोर नको," बाई म्हणाल्या. "आईला काही झालं असतं म्हणजे?"

बाई रिक्षा बघायला गेल्या. धाकटा तिथंच उभा राहिला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "दादा, तू म्हणतच होतास."

या धाकट्याला सगळी गल्ली पुंग्या म्हणायची. गाड्यांच्या मागच्या पुंग्या बदलून देतो म्हणून पुंग्या. नाव ठेवलं होतं थोरल्यानंच, आणि ते टिंगलीनं ठेवलेलं असलं तरी पुंग्यानं ते पाटीवर लिहून घेतलं होतं, इतका तो सरळ. गॅरेज वडिलांचं. त्यांच्यामागं थोरला इंजिनं बघू लागला. धाकट्यानं वेल्डिंग शिकून घेतलं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपला वेगळा संसार मांडला. पाइप वाकवायचं एक मशीन त्यानं स्वतः जोडून जोडून बनवलं होतं. टर्बोवाल्या गाड्या आल्या तसं त्याचं नशीब उघडलं. कंपनीनं दिलेला अरुंद पाइप काढायचा, रुंद, मोकळा बसवायचा, म्हणजे टर्बोतून धूर अडखळत न निघता सुसाट सुटतो आणि गाडी हलकी पळते, असं तो कुणालाही थांबवून समजावून सांगायचा. ऐकणाऱ्याकडं गाडी नसली तरी त्याला चालायचं.

मेस्त्रीला हे सगळं थेर वाटत होतं. कंपनीत बसलेली माणसं काय खुळी आहेत का, हा त्याचा ठरलेला प्रश्न. पण मनातली खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यालाही ठाऊक होती. अलीकडं गिऱ्हाईक गॅरेजात शिरायचं, मेस्त्रीला नमस्कार करायचं आणि विचारायचं, "पुंग्या आहे का?"

बाईंची गाडी आली तीही पुंग्यासाठीच. टर्बोजवळचा पाइप बदलायचा तर टर्बोला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या सोडवाव्या लागतात, ते काम मेस्त्रीचं. त्यानं नळ्या सोडवल्या, जुनं गढूळ झालेलं कूलंट काढून टाकलं, पाइप बसल्यावर नळ्या पुन्हा जोडल्या. इथं त्यांच्या घरातला एक शब्द सांगायला हवा. वडिलांच्या काळी रेडिएटरमध्ये खरोखरच पाणी घालत. पुढं कूलंट आलं, निम्मं कूलंट आणि निम्मं बॅटरीचं पाणी असं कालवून घालायची पद्धत आली, पण वडिलांच्या तोंडी 'पाणी' बसलं ते बसलंच. तेव्हापासून या गॅरेजात पाणी म्हणजे ते गुलाबी मिश्रण. नळाचं असेल तर त्याला 'साधं' म्हणायचं. बाहेरच्या माणसाचा गोंधळ झाला असता, घरात कुणाचा कधी झाला नव्हता.

त्या दिवशी मेस्त्रीनं आत साधं भरलं होतं. ते चुकून नव्हे, रीतच तशी आहे: साधं भरायचं, इंजिन थोडा वेळ चालवायचं, आतली घाण खळाळून काढून टाकायची आणि मग पाणी घालायचं. इंजिन चालू झालं आणि नवा पाइप पहिल्यांदा घुमला. बाईंचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला. पुंग्याचा तर विचारायलाच नको.

"बाई, धंदा वाढणार बघा तुमचा," मेस्त्री म्हणाला. "ही गाडी गल्लीतून एकदा गेली की सगळ्यांचे दात हलतील."

बाई हसल्या. पुंग्या हसला नाही.

"दादा, तुला स्वतःला नवीन काही जमत नाही म्हणून तू नावं ठेवतोस," तो म्हणाला.

गिऱ्हाइकासमोर म्हणाला. मेस्त्रीनं हातातलं फडकं बॉनेटवर टाकलं आणि तो कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसला. एक चहा झाला, मग दुसरा. राग काही खाली बसेना, कारण पुंग्या बोलला होता ते खरं होतं. परत आला तेव्हा गाडी रस्त्यावर काढलेली, बाई आत बसलेल्या आणि पुंग्या बॉनेट लावून त्यावर हाताचा तळवा ठेवून उभा.

"दादा, पाणी घातलं ना?" त्यानं लांबूनच विचारलं.

"घातलं," मेस्त्री म्हणाला आणि त्याच्याकडं न बघता आत गेला.

आत गेल्यावर त्याला क्षणभर काहीतरी टोचलं होतं. पायात बारीक खडा असावा तसं. पण मागं वळायचं म्हणजे पुंग्याशी बोलायचं आलं, आणि त्या घटकेला त्याला पुंग्याशी बोलायचं नव्हतं. तेवढ्यात दुसरी गाडी आली.

शहरातल्या शहरात साध्यावरही गाडी चालली असती. बाई आईला घेऊन घाट चढल्या. चढून वर गेल्यावर आईला दरी दाखवायला म्हणून त्यांनी गाडी थांबवली, तापलेल्या टर्बोभोवतीचं साधं पाणी तिथल्या तिथं उकळलं आणि झाकणातून वाफ होऊन निघून गेलं. पुढच्या चढाला आत काही उरलंच नव्हतं. हे मेस्त्रीला बॉनेटखाली डोकं घातल्या घातल्या, बाईंचं बोलणं संपायच्या आत, सगळं समजलं होतं.

पुंग्या जुना सायलेन्सर शोधायला मागं गेला तेव्हा मेस्त्रीनं गाडीखाली परात सरकवली आणि इंजिनचं खालचं बूच सोडलं. तळाशी उरलेलं वाटीभर पाणी परातीत पडलं. गुलाबी रंगाचा त्यात मागमूस नव्हता. त्यानं परात उचलली, मोरीत ओतली आणि वरून बादलीभर पाणी टाकलं. आपण फरशी धुतो आहोत असं त्यानं स्वतःला सांगितलं.

घरी जेवताना आईनं विषय काढलाच.

"मी म्हणत नव्हते, थोरल्याचं ऐक म्हणून?" ती धाकट्याला म्हणाली. "इतकी वर्षं हात काळे केलेत त्यानं."

"आई, जेवू दे त्यांना," पुंग्याची बायको म्हणाली.

"दादाचंच बरोबर होतं," पुंग्या म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग असता, टोमणा असता, तर मेस्त्रीला घास गिळता आला असता. तो अगदी मनापासून बोलत होता.

मेस्त्री म्हणाला, "जाऊ दे रे. होतं असं." आणि आपला मोठेपणा आपल्याच कानांवर पडल्यावर त्याला शिसारी आली. तो पानावरून उठला तेव्हा त्याच्या बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. तिला काही ठाऊक नव्हतं, पण नवरा भावाशी इतका गोड बोलतोय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं तिनं ओळखलं असावं. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं बरेच दिवस वाटत राहिलं.

बाईंच्या इंजिनचं हेड वाकलं होतं. मेस्त्रीनं ते उतरवलं, घासून सपाट करून आणलं, नवं गॅस्केट टाकलं. इतकं मन लावून त्यानं कुठलंच काम केलं नव्हतं. पुंग्या शेजारी पान्हे देत उभा राहायचा. एरवी तो असा उभा राहणारा माणूस नव्हे. एकदा पान्हा देता देता तो म्हणाला, "दादा, टर्बोतून बाहेर पडल्या पडल्या मी पाइप वळवलाय ना, ते वळण फार आखूड झालं असेल का? म्हणजे गरमी तिथंच कोंडली असेल, इंजिनच्या अंगाला?"

तो पाइप मेस्त्रीनं पाहिला होता. वळण असं होतं की बोट फिरवलं तर कुठं शिवण लागली हे कळू नये. मेस्त्रीला स्वतःला ते सात जन्मात जमलं नसतं.

"असेल," तो म्हणाला.

पहिलं वाक्य निदान खरं तरी होतं. हे दुसरं सरळसरळ खोटं. एका शब्दाचं. आणि पहिलं झाकायला दुसरं बोलावं लागलं अशातला भाग नव्हता. 'माहीत नाही' म्हणता आलं असतं, 'नाही' म्हणता आलं असतं. का म्हणाला तो 'असेल'? रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यानं स्वतःला हे विचारलं आणि उत्तर आलं तेव्हा कूस बदलली. भाऊ इतक्या वर्षांनी त्याच्याकडं काही विचारायला आला होता आणि ते त्याला आवडलं होतं.

त्या 'असेल'नं जे केलं ते बाईंच्या रागानंही केलं नसतं. पुंग्या उठला आणि आपल्या जुन्या गिऱ्हाइकांकडं जायला लागला. ज्यांना ज्यांना पाइप करून दिले होते त्यांच्या दारात जाऊन तो विचारायचा, "गाडी तापते का हो? चढाला काटा वर जातो का? काही वाटलं तर सांगा, मी बदलून देतो." आता कुणाच्या दारात जाऊन, तुम्हाला दिलेला माल खराब आहे का, असं मालवाल्यानंच विचारल्यावर ते माणूस घाबरणार नाही तर काय होईल? ज्यांच्या गाड्या सुखानं पळत होत्या तेही सायलेन्सर परत बसवून मागायला लागले. काढलेले पाइप शेडच्या भिंतीला टेकून उभे राहिले. नवं काम येईना. इकडं मेस्त्रीकडं मात्र गर्दी. "पुंग्यापेक्षा थोरला भला, फालतू काही अंगावर घालत नाही," असं लोक म्हणायचे आणि मेस्त्री मूग गिळून इंजिनात डोकं खुपसायचा.

मनात आणलं असतं तर सांगता येत होतं. सकाळी शटर उघडताना तो ठरवायचा, आज सांगायचं. पुंग्या आला की म्हणायचा, "चहा घेतलास का?" नाहीतर, "छपराचा तो पत्रा बघून घे रे एकदा." सांगायचं ते घशापर्यंत यायचं आणि तिथून पत्र्याचं, चहाचं काहीतरी होऊन बाहेर पडायचं. शेवटी त्यानं मनाशी एक वाट काढली: हा पुन्हा उभा राहिला की सांगू. एकदा त्याचा धंदा सुरळीत चालू लागला की हसत हसत सांगून टाकू. माणूस स्वतःला असा किती दिवस फसवू शकतो, याला काही मर्यादा नाही.

मग एका दुपारी पुंग्या म्हणाला, "दादा, बस डेपोत जागा आहे. सायलेन्सर काढायचे नि घालायचे. ते ठरवतील तसे, आपलं डोकं चालवायचं नाही. मी हो म्हणून आलोय."

"अरे, पण शेड?"

"शेडमध्ये तुझं सामान ठेव. भंगारवाल्याला बोलावलंय, मशीन घेऊन जाईल. तेवढं उचलायला हात लाव."

भंगारवाल्याचा टेम्पो दारातच उभा होता. पाइप वाकवायचं ते मशीन जड, चारही बाजूंनी लोखंड बाहेर आलेलं, धरायला धड जागा नसलेलं. पुंग्यानं एक टोक धरलं, मेस्त्रीनं दुसरं, आणि दोघं ते शेडमधून गॅरेजात, गॅरेजातून दाराकडं, बारीक पावलं टाकत आणू लागले. पुंग्या उलट्या पावलांनी चालत होता. त्याचा चेहरा मेस्त्रीच्या समोर होता. रडका वगैरे नव्हता तो. अंगावरचं काहीतरी उतरवून टाकलेल्या माणसासारखा निवांत होता, आणि ते बघवेना.

"ठेव," मेस्त्री म्हणाला.

"दारात आलोय आता, दोन पावलं राहिली."

"ठेव खाली. हात सुटेल माझा."

त्यांनी मशीन खाली ठेवलं. मेस्त्रीनं हात गुडघ्यांवर टेकले आणि मशीनकडं बघतच तो बोलला.

"बाईंच्या गाडीत साधं होतं."

"काय?"

"साधं. नळाचं. धुवायला भरलेलं. तू मला बोललास, मी चहाला गेलो, ते तसंच राहिलं. तू विचारलंस पाणी घातलं ना, मी घातलं म्हणालो. घातलं होतं, पण साधं."

टेम्पोतून भंगारवाला म्हणाला, "काय शेठ, चढवायचं ना?"

"थांब जरा," पुंग्या त्याला म्हणाला. मग भावाकडं वळला. "गाडी आली त्या दिवशी कळलं तुला?"

"हो. बॉनेटखाली वासच नव्हता. तळातलं थोडं काढून बघितलं. मोरीत ओतून दिलं मी ते."

"म्हणजे माझा पाइप बरोबर होता?"

मेस्त्रीनं मान हलवली.

"तोंडानं सांग."

"बरोबर होता तुझा पाइप."

"आणि ते वळण?"

"तसलं वळण मी कुणाच्या हातून बघितलं नाही."

पुंग्या मशीनवर बसला. एवढा मोठा बाप्या, दोन पोरांचा बाप, तळहातांनी डोळे दाबून बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की हसतोय हे मेस्त्रीला कळेना. दोन्ही असावं. भंगारवाल्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं आणि तो आपल्या टेम्पोच्या दोऱ्या उगाच सोडू-बांधू लागला.

"मला वाटलं हातच गेला माझा," पुंग्या म्हणाला. "सकाळी वेल्डिंगला बसायचो आणि हात बघायचो. लोकांच्या दारोदार फिरलो मी, दादा. बाई ओरडल्या, त्याचं काही नाही. आई बोलली, ती बोलतेच. पण तुला मी वळणाचं विचारलं होतं. आठवतंय? पान्हा देताना."

"आठवतंय."

"तू असेल म्हणालास."

"हो."

"ते कशाला म्हणालास?"

याचं उत्तर मेस्त्रीकडं होतं. पण ते इतकं लहान, इतकं ओशाळवाणं होतं, की एवढं सगळं बोलून झाल्यावरही ते काही तोंडातून निघेना. पुंग्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग उठून टेम्पोपाशी गेला आणि भंगारवाल्याला म्हणाला, "जा तू. द्यायचं नाही."

"अरे, पेट्रोल जाळून आलो की मी."

"मग हे पाइप उचल भिंतीचे. ते ने."

मेस्त्री तसाच निघाला आणि डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेला. बाई कामात होत्या. खुर्चीत एक गृहस्थ आ करून पडलेले, गालात कापूस कोंबलेला. मेस्त्री दारात उभा राहूनच सगळं बोलला, कारण बाहेर थांबायला सांगितलं तर आपण पळून जाऊ याची त्याला खात्री होती. खुर्चीतले गृहस्थ डोळे फिरवून फिरवून त्याच्याकडं बघत राहिले. बाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला.

"त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मी मुद्दाम तुम्हाला विचारलं. तो तर पाइपवालाच, म्हटलं मेस्त्री खरं सांगतील."

बाईंनी हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

"आणि मी काय केलं ठाऊक आहे? या खुर्चीत जो जो बसला त्याला सांगितलं. त्या पुंग्याकडं जाऊ नका, माझी आई मरता मरता वाचली. या खुर्चीतल्या माणसाला मध्ये बोलता येत नाही, मेस्त्री. तो सगळं ऐकूनच घेतो."

"आता उलटं सांगाल का, बाई?"

"सांगेन की. सांगायलाच पाहिजे." त्यांनी मास्क काढून त्याची हातातच घडी केली. "पण पहिलं सांगताना मला राग आलेला होता, तेव्हा रंगवून सांगितलं. दुसरं तसं रंगत नाही. जेवढ्यांनी पहिलं ऐकलं, तेवढे दुसरं ऐकायला परत येणार पण नाहीत." मग त्या खुर्चीकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही ऐकलंत ना? निदान तुम्ही तरी लक्षात ठेवा." गृहस्थांनी आ केलेल्या अवस्थेतच मान हलवली.

घरी त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. आई उठून देवघराकडं तोंड करून बसली. बायको म्हणाली, "मला वाटलंच होतं." पुंग्याची बायको पानं वाढत राहिली, फक्त मेस्त्रीच्या पानावर वाढताना तिनं एरवीसारखं 'भावोजी, अजून घ्या' म्हटलं नाही. ते बरोबरच होतं. त्यालाही घास गोड लागला नसता.

डेपोत पुंग्या गेला नाही. लोक एकदम काही परतले नाहीत. एक आला, मग बरेच दिवस कुणी नाही, मग आणखी एक, तोही आधी मेस्त्रीला बाजूला घेऊन विचारणारा, "नक्की ना?" मेस्त्री त्याला नक्की म्हणून सांगायचा, जरा जास्तच जोरात सांगायचा. शेडमधून वेल्डिंगचा आवाज पुन्हा यायला लागला. दोघं भाऊ बोलत होते. कामाचं बोलत होते, घरचं बोलत होते, मध्येच एखादा विनोदही व्हायचा. बाहेरून बघणाऱ्याला सगळं जिथल्या तिथं बसलं असं वाटलं असतं.

मग बाई आल्या. स्वतः गाडी चालवत आल्या, आईला शेजारी बसवून आल्या.

"पाइप आहे ना अजून?" त्यांनी पुंग्याला विचारलं. "का गेला भंगारात?"

"तेवढा एक ठेवला होता," पुंग्या म्हणाला.

पुन्हा नळ्या सोडवल्या मेस्त्रीनंच. पुंग्यानं पाइप बसवला. मेस्त्रीनं नळ्या जोडल्या, साधं भरलं, इंजिन चालवलं, साधं काढून टाकलं. पाइप घुमला तशी बाईंची आई कानावर हात ठेवून हसली आणि म्हणाली, "अगं, हा तर तुझ्यासारखाच बोलतो." मेस्त्रीनं फळीवरून कूलंटचा डबा काढला, बॅटरीच्या पाण्याचा कॅन काढला आणि कालवायला रिकामं भांडं पुढं ओढलं.

पुंग्यानं त्याच्या हातातून डबा घेतला. ओढून नाही, हळूच घेतला.

"राहू दे. मी घालतो," तो म्हणाला.

एरवी त्याचं कुठलंही वाक्य 'दादा'नं सुरू व्हायचं नाहीतर 'दादा'नं संपायचं. मेस्त्रीनं डबा सोडला. पुंग्यानं भांडं उजेडाकडं धरून निम्मं कूलंट ओतलं, निम्मं बॅटरीचं पाणी ओतलं, डोळ्याच्या रेषेत आणून पाहिलं, मग भांड्यात बोट बुडवून रंग पाहिला. बाई आणि त्यांची आई तिथंच उभ्या होत्या. त्यांना यात काही वेगळं दिसलं नसणार. एक भाऊ पाणी कालवतो, दुसरा बघतो. भांडं जड होतं आणि रेडिएटरचं तोंड लहान. पुंग्यानं इकडंतिकडं पाहिलं, काय हवं ते बोलला मात्र नाही. मेस्त्रीनं खिळ्यावरचं नरसाळं काढलं, फडक्यानं आतून बाहेरून पुसलं आणि रेडिएटरच्या तोंडावर धरलं. पुंग्या ओतत राहिला, आणि शेवटचा गुलाबी थेंब उतरेपर्यंत मेस्त्रीनं दोन्ही हातांनी ते सरळ धरून ठेवलं.